चेंगडूत हॉटपॉट: ट्रे हातात घेण्याआधी

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडू शहरात सेल्फ-सर्व्हिस हॉटपॉटच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन चुका केल्या. ‘आम्ही कोल्हापूरकडचे’ असा तोरा मिरवत सगळ्यात तिखट रस्सा मागवला, आणि लग्नाच्या बुफेत हिंडावं तसा हिंडून ट्रे शिगोशीग भरला. पहिली चूक जिभेला कळली, दुसरी बिलाला. अर्धं सामान शिजायच्या आधीच पोट भरलं होतं, ते वेगळंच.

चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला किंवा व्यापारासाठी येणारी मराठी माणसं कमी नाहीत, आणि सिचुआनमध्ये आलात की आठवड्याभरात कोणीतरी तुम्हाला हॉटपॉटला नेणारच. चिनीत याला ‘हुओगुओ’ म्हणतात, म्हणजे आगीचं भांडं. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर उकळता रस्सा, आणि कच्चे जिन्नस आपण आणून आपणच त्यात शिजवायचे. आतल्या खानसाम्याचं काम रस्सा आणि चिराचिरीपुरतं. पुढचा स्वयंपाक तुमचा, तेव्हा जेवण बिघडलं तर दोष द्यायलाही दुसरं कोणी नसतं.

आधी दुकानाचा प्रकार ओळखा

सेल्फ-सर्व्हिस म्हटलं तरी बिल लावायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी माणशी ठरलेली रक्कम द्यायची आणि हवं तेवढं घ्यायचं. तिथे बहुधा दोन तासांची मर्यादा असते. अशा दुकानात ताटात टाकून उठू नका. २०२१ साली चीनमध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला. उघडउघड नासाडी करणाऱ्या गिऱ्हाइकाकडून उष्ट्याच्या विल्हेवाटीचा खर्च घ्यायची मुभा त्यात हॉटेलांना दिली आहे. दर मात्र आधी लावलेला असावा लागतो, भिंतीवर असतो, वाचून ठेवा.

दुसरा प्रकार ‘च्वान्च्वान’. बांबूच्या बारीक काड्यांना ओवलेले जिन्नस काचेच्या फ्रिजमध्ये रचून ठेवलेले असतात. आपण मूठमूठ काड्या उचलायच्या, खायच्या, आणि रिकाम्या काड्या टेबलावरच्या नळकांड्यात टाकायच्या. शेवटी काड्या मोजून बिल. तिसऱ्या प्रकारात बशा असतात, कधी फ्रिजमध्ये मांडलेल्या, कधी सरकत्या पट्ट्यावरून समोरून जाणाऱ्या. बशीच्या रंगावर किंमत ठरते. पट्ट्याच्या दुकानात प्रत्येकाला स्वतःचं छोटं पातेलं मिळतं, त्यामुळे एकट्यादुकट्याला ते सोयीचं.

पहिल्यांदा जात असाल तर माझं मत च्वान्च्वानला. एका काडीवर घास-दोन घास असतात. नाही आवडलं तर नुकसान एका काडीचं.

जाण्याआधीची दोन कामं. एक, पैसे. सगळा कारभार फोनवर चालतो. अलिपे किंवा वीचॅट पे या पैसे देण्याच्या ॲपना परदेशी व्हिसा वा मास्टरकार्ड जोडता येतं, पण आपल्या बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, ते निघण्याआधी बघा. दोन, भाषांतर. गूगल तिथे चालत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने पाटी वाचून दाखवणारं दुसरं ॲप घेऊन ठेवा, कारण मेन्यू बहुतेक वेळा टेबलावरचा कोड स्कॅन केल्यावर उघडतो आणि तो चिनीतच असतो.

आणि हो, पांढरा शर्ट घालू नका.

रस्सा निवडणं: इथे घाई नको

टेबलावर बसल्यावर पहिला प्रश्न येतो रश्श्याचा. चेंगडू आणि चोंगचिंग ही लाल रश्श्याची गावं. चोंगचिंगच्या नदीकाठच्या हमालांनी स्वस्तातली वजडी-आतडी झणझणीत रश्श्यात शिजवून खाण्यातून हे जेवण आलं असं सांगतात, आणि आजही खरे शौकीन आधी वजडीच मागवतात. लाल रश्श्यात सुक्या मिरच्या, आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची तिखट पेस्ट, आलं, लसूण, मसाले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘ह्वाज्याव’.

ह्वाज्याव म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घालतात, गोव्यात त्यालाच तेफळ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच प्रजातीगटातली झाडं. ज्याने कधी चुकून तिरफळ चावलं असेल त्याला ओठांना येणारी ती झिणझिण ठाऊक असते. फरक एवढाच की आपण आमटीत चार-सहा तिरफळं घालतो आणि इथे ह्वाज्याव मुठीने पडतं. त्यातल्या सान्शूल नावाच्या द्रव्यामुळे त्वचेतल्या स्पर्शाच्या नसा चाळवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली ही झिणझिण मोजली, तर ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांएवढी भरली. घरातली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे ‘ओठाला करंट लागला’ असं कोणी म्हणालं तर त्याला हसू नका.

या चवीला ‘माला’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे बधिर, ‘ला’ म्हणजे तिखट. आपल्याला ‘ला’ची सवय असते, ‘मा’ची नसते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याने घाम फुटतो, पण जीभ शाबूत राहते. इथे जीभच जागेवर आहे की नाही याची शंका येते. म्हणून पहिल्या खेपेला ‘वेईला’, म्हणजे थोडं तिखट, एवढंच मागा. चोंगचिंगची माणसं थट्टेने सांगतात की ‘वेईला’ ही आमची शेवटची तडजोड, त्याखाली आम्ही उतरत नाही. तुम्ही त्यापुढे चढू नका.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे ‘युआनयांग’ पातेलं घ्या. मधे पत्रा घालून भांड्याचे दोन भाग केलेले असतात, एकीकडे लाल रस्सा, दुसरीकडे सौम्य. युआनयांग ही जोडीने राहणारी रंगीत बदकं, त्यांच्यावरून हे नाव. सौम्य बाजूला टोमॅटोचा किंवा अळंब्यांचा रस्सा सांगा. टोमॅटोचा रस्सा जिन्नस पडायच्या आधीच वाटीत काढून, वरून कोथिंबीर घालून प्यायचा असतो. तीच त्याची खरी वेळ. लाल रस्सा कोणी पीत नाही. मी प्यायला गेलो होतो, शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी हात धरला.

चोंगचिंगच्या जुन्या धाटणीच्या दुकानांत नऊ चौकटींचं पातेलं दिसतं. खाली रस्सा एकच, पण आच सारखी नसते. मधल्या घरात सगळ्यात जोराची उकळी, तिथे झटपट शिजणारं बुडवायचं. त्याच्या चार बाजूंच्या घरांत मध्यम, आणि चार कोपऱ्यांत मंद आच, तिथे सावकाश मुरणारं. आपली वस्तू कुठल्या घरात टाकली हे लक्षात राहतं, हा आणखी एक फायदा.

गोमांस, डुक्कर, शाकाहार

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

पारंपरिक लाल रश्श्यातलं तेल म्हणजे गोवंशाची चरबी. चिनीत ‘न्योऊयोऊ’. तुम्ही त्यात फक्त बटाटा आणि पालक शिजवलात तरी चरबी पोटात जाणारच. ओळखायची खूण सोपी आहे. पातेल्यात रश्श्याबरोबर गुळाच्या ढेपेसारखी लाल घट्ट वडी आली आणि आच लागल्यावर वितळली, तर ती चरबी. बशीच्या काठावर सांडलेला थेंब गार होऊन मेणासारखा धरला, तरी तेच. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘छिंगयोऊ’, म्हणजे वनस्पती तेलातला लाल रस्सा, आहे का विचारावं. बऱ्याच दुकानांत असतो. चवीला जरा हलका, पण झिणझिण तीच.

दुसरी फसगत ‘साध्या’ रश्श्याची. पांढरट, निरुपद्रवी दिसणारा रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा असतो. टोमॅटो आणि अळंब्यांच्या रश्श्यांतही हाडांचं पाणी असू शकतं. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही, कारण समोरच्याच्या मनात शाकाहार म्हणजे मांसाचे तुकडे नसलेलं. फोनवर चिनीत स्पष्ट वाक्य लिहून घ्या: रश्श्यात मांस नको, हाडांचं पाणी नको, प्राण्यांची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको. हे वाक्य दाखवा आणि नुसत्या गरम पाण्यात आलं-पात घालून द्यायला सांगा. देतात. चव सॉसमधून आणता येते.

मिश्र मंडळींबरोबर असाल तर शाकाहाऱ्यांनी वेगळं छोटं पातेलं मागणं उत्तम. युआनयांगमधला पत्रा काही सोवळ्याचा नसतो, उकळी जोराची आली की इकडचं तिकडे उडतं.

फक्त डुक्कर चालत नसेल तर उत्तरेकडची मटणाची हॉटपॉट शोधा. बीजिंगमधलं १९०३ सालचं तोंगलायशुन हे ह्वे मुसलमानांच्या परंपरेतलं हलाल दुकान. मधे कोळशाचं धुराडं असलेलं तांब्याचं भांडं, साधं पाणी, कागदासारखे पातळ मटणाचे काप आणि तिळाच्या कुटाचा घट्ट सॉस. तिखटाचा मागमूस नाही. सिचुआनी मित्रांना ते मिळमिळीत वाटतं. मला नाही.

फ्रिजपुढे उभं राहिल्यावर

ट्रे किंवा टोपली घ्या आणि आधी एक रिकामी फेरी मारा. काहीही न उचलता. आपल्याकडे पंगतीत वाढपी फिरतो आणि आपण बसून असतो, त्यामुळे ‘पुन्हा येईल की नाही’ म्हणून एकदाच वाढून घ्यायची सवय अंगात असते. इथे फ्रिज कुठे पळत नाही. दोन माणसांत पहिल्या फेरीला पाच-सहा बशा किंवा तीसेक काड्या पुष्कळ झाल्या.

भाज्यांत ओळखीचे चेहरे भेटतात: बटाट्याच्या चकत्या, कोहळा, पांढरा मुळा, पालक, कमळकाकडी. कमळकाकडी जरूर घ्या, ती रश्श्यातही कुरकुरीत राहते. टोफूचे प्रकार बघून चक्रावायला होतं. त्यातला गोठवलेला टोफू घ्या. बर्फामुळे त्याला जाळी पडलेली असते आणि तो रस्सा स्पंजासारखा शोषतो. दुधावर साय धरते तशी सोयादुधावरची साय वाळवून केलेल्या पट्ट्याही छान. अळंब्यांत पांढऱ्या बारीक देठांचा जुडगा दिसेल, ती एनोकी. पचता पचत नाही, म्हणून चिनी लोकांनी तिचं नाव ‘उद्या भेटू’ असं ठेवलंय. यापेक्षा जास्त खुलासा करत नाही.

मांसाच्या बाजूला जरा जपून. ‘माओदू’ म्हणजे गोवंशाची वजडी. ‘ह्वांगहोउ’ या नावात गळा असला तरी ती हृदयाजवळची जाड रक्तवाहिनी असते. बदकाचं गोठवलेलं रक्त चॉकलेटी चौकोनी वड्यांसारखं दिसतं. आपल्याकडे बकऱ्याची रक्ती खाणाऱ्यांना ते परकं वाटणार नाही, इतरांना टोफू वाटू शकतं, म्हणून सांगून ठेवलं. डुकराचा भेजा अख्खा मिळतो. गुलाबी, गुळगुळीत चौकोनी काप म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. फिश बॉलच्या पोटात कधी डुकराचा खिमा भरलेला असतो. शंका आली की कॅमेरा लावा, नाहीतर ठेवून द्या.

सॉसचं टेबल

कोपऱ्यात पंधरा-वीस वाट्यांचं टेबल असतं. माणशी थोडे युआन लावतात आणि मग हवं तेवढं घ्या. नवखा माणूस इथे सगळ्यातलं चमचा चमचा घालून चिखल करतो. सिचुआनची रीत साधी आहे: वाटीभर तिळाचं तेल, त्यात भरपूर बारीक चिरलेला लसूण, कोथिंबीर, चिमूट मीठ, वाटलं तर थेंबभर व्हिनेगर. बस. तेलकट रश्श्यातून काढलेला घास पुन्हा तेलात बुडवायचा हे विचित्र वाटतं खरं, पण हे तेल गार असतं. जिभेला चटका बसत नाही आणि घासावर चिकटलेलं तिखट बरंचसं वाटीतच उतरतं. एकदा करून बघा, मग हसा.

शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर या टेबलापासून लांब राहा, चमचे इकडचे तिकडे झालेले असतात.

शिजवणं

लाल रश्श्यावर तेलाचा जाड थर असतो, तो झाकणासारखा वाफ अडवतो. त्यामुळे पातेलं शांत दिसतं आणि आत मात्र सणसणीत गरम असतं. वाफ दिसत नाही म्हणून तोंडात घास टाकू नका. उलट सुरुवातीला खरोखर उकळी फुटेपर्यंत काहीही टाकू नका.

क्रम महत्त्वाचा. मांस आणि चव सोडणारे जिन्नस आधी, कंदमुळं मधे, पालेभाज्या आणि शेवया शेवटी. शेवयांचा स्टार्च रश्श्यात उतरला की तळ धरतो. पालेभाजी लाल बाजूला टाकण्याची चूक प्रत्येक जण एकदाच करतो. पानांच्या घड्या तेल धरून ठेवतात आणि पालकाचा एक घास मिरचीच्या मुठीइतका लागतो. पाला सौम्य बाजूलाच.

वेळा साधारण अशा:

- माओदू: सुमारे १५ सेकंद. चॉपस्टिकने धरून सोडायची नाही, ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ अशी बुडवायची. जास्त झाली तर रबर.
- मटणाचे पातळ काप: रंग पूर्ण बदलेपर्यंत, अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर.
- फिश बॉल: वर तरंगल्यावर आणखी एक-दोन मिनिटं.
- बटाटा, कमळकाकडी: ४-५ मिनिटं.
- गोठवलेला टोफू: निदान ५ मिनिटं, जास्त झाला तर आणखी चांगला.
- रताळ्याच्या पिठाच्या रुंद शेवया: पारदर्शक होईपर्यंत.
- पाला: अर्धं मिनिट.
- भेजा: किमान १० मिनिटं, कोपऱ्यात, हलवाहलव न करता.

एका वेळी तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त पातेल्यात टाकू नका. जास्त टाकलं की उकळी बसते, मग काही कच्चं राहतं आणि काही विरघळून जातं. कच्चं मांस टाकल्यावर पुन्हा उकळी येईपर्यंत त्या बाजूचं काहीच काढायचं नाही. कच्च्यासाठी वेगळ्या चॉपस्टिक किंवा चिमटा असतो, तो तोंडाच्या चॉपस्टिकांत मिसळू देऊ नका. चॉपस्टिक जमत नसतील तर लाजायचं कारण नाही, टेबलावर छोटा झारा असतो. तळाशी हरवलेला फिश बॉल तिथली माणसंही झाऱ्यानेच शोधतात.

ह्वाज्यावचे दाणे घासाला चिकटून येतात, ते झटकून टाका. चावला गेलाच तर पाण्याने काही होत नाही. थंडगार सोयादूध, किंवा वाळवलेल्या आलुबुखारासारख्या फळाचं आंबटगोड ‘सुआनमेईतांग’ मागवा. हे सरबत कोकम सरबताच्या इतकं जवळचं आहे की पहिल्या घोटाला मी डोळे मिटले होते. गोडात ‘पिंगफन’ घ्या: बर्फगार, पारदर्शक जेली, वर काकवीसारखा गुळाचा पाक.

रस्सा आटला की ‘फूवूयुआन’ अशी हाक मारा, वाढपी रस्सा किंवा पाणी ओतून जातो. मोठ्याने मारा. दुकानात इतका गोंगाट असतो की आपल्या सभ्य आवाजाला कोणी वळूनही बघत नाही.

उठताना

बिल मागायचं तर ‘मायदान’ म्हणा. आपल्या मैदानाच्या इतकं जवळ की विसरणं अवघड. च्वान्च्वानच्या दुकानात वाढपी काड्यांचा जुडगा उचलतो आणि भराभर मोजून आकडा सांगतो, कधी नुसता वजनावरून. मांसाच्या महागड्या पदार्थाला काड्या जास्त लावलेल्या असतात, तेव्हा आकडा मोठा वाटला तर लगेच वाद घालू नका, आधी आपण काय काय खाल्लं ते आठवा. टीप देण्याची पद्धत नाही. ठेवलीत तर वाढणारी मुलगी पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

जाकीट जेवायला बसतानाच खुर्चीवर मिळणाऱ्या कापडी झाकणाखाली किंवा स्टुलाच्या पोटातल्या कप्प्यात ठेवायचं असतं. आता आठवलं तर उशीर झाला. दाराशी वास घालवायचा फवारा ठेवलेला असतो, तो कपड्यांवर थोडाफार चालतो. केस मात्र घरी जाऊन धुवावेच लागतात.